हाडात धातू बसवून घेण्याआधी

आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत पायात रॉड किंवा मांडीत पट्टी असलेला माणूस शोधायला दुसऱ्या गावाला जावं लागत नाही. घुग्घूस-राजुऱ्याकडे कोळशाच्या ट्रकखाली आणि आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकखाली सापडलेले मोटरसायकलवाले आहेत. मोह वेचताना अस्वलानं लोळवलेले आहेत, झाडावरून पडलेले आहेत, ओसरीत पाय घसरून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या आहेत. आणि पंचविशीतच काठी टेकत चालणारी सिकलची मुलं-मुलीही आहेत. यांतल्या पुष्कळांच्या शरीरात आज ना उद्या धातू जातो. त्या वेळी दवाखान्यात घरच्यांना विचारलं जातं, "साधं टाकायचं की टायटेनियम? कोटिंगवालं हवं का?" ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. मग कोणी धानाचं शेत गहाण टाकतो, कोणी पेशंटला उचलून हाड बसवणाऱ्या वैदूकडे नेतो.

माझं सांगणं थोडक्यात असं. धातूवरचा थर ही फार कामाची गोष्ट आहे. काही पेशंटांत तर सांधा किती वर्षं टिकेल हे बऱ्याच अंशी त्या थरावरच ठरतं. पण तो प्रत्येकाला लागत नाही. आणि ज्याला लागतो त्याच्या बाबतीतही त्या थराला त्याचं काम करू देणं पेशंटच्या आणि घरच्यांच्या हातात असतं. पैसा कुठे घालावा, कुठे घालू नये आणि पैशानं न मिळणारी काळजी कोणती घ्यावी, एवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

वरचा थर कशासाठी

पितळेच्या भांड्याला कल्हई का करतात ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. भांड्याला ताकद पितळ देतं, पण आमटीशी गाठ कल्हईची पडते. शरीरातल्या धातूचंही तसंच आहे. माणसाचं वजन आतला धातू पेलतो, पण हाड, रक्त आणि जंतू यांची गाठ पडते ती फक्त त्याच्या पृष्ठभागाशी. कल्हई उडाली तर पुन्हा करून घेता येते. शरीरात गेलेल्या धातूवरचा थर मात्र पुन्हा चढवता येत नाही, म्हणून तो पहिल्याच वेळी नीट निवडावा लागतो.

आपल्याकडे तीन जातींचा धातू जास्त वापरला जातो. पहिलं स्टेनलेस स्टील. ३१६एल नावाच्या या स्टीलमध्ये क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम असतं. रॉड, प्लेट, स्क्रू बरेचदा याचेच असतात. दुसरं टायटेनियम आणि त्याचे मिश्रधातू. तिसरं कोबाल्ट-क्रोम, जे फार टणक असतं आणि घासलं जाणाऱ्या सांध्यात वापरतात.

"लोखंड आत गंजेल का?" ही भीती पुष्कळांना असते. स्टीलवर क्रोमियमच्या ऑक्साईडचा आणि टायटेनियमवर टायटेनियमच्या ऑक्साईडचा एक अतिशय पातळ पापुद्रा आपोआप तयार होतो. टायटेनियमवरचा पापुद्रा एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही पातळ असतो, पण ओरखडा गेला तरी तो क्षणात भरून येतो. हाच धातूचा पहिला आणि फुकट मिळणारा लेप. स्टीलचा पापुद्रा थोडा कमी दर्जाचा असतो. स्क्रूचं डोकं जिथे प्लेटमध्ये बसतं त्या फटीत तो झिजू शकतो. तरीही मोडलेलं हाड जुळेपर्यंत, म्हणजे काही महिने ते वर्षभर, धरून ठेवायला चांगलं स्टील पुरेसं असतं. साध्या तुटलेल्या नळीसाठी सरकारी दवाखान्यात स्टीलचा रॉड टाकला म्हणून कोणी तुम्हाला दुय्यम वागणूक दिली, असं समजू नका.

टायटेनियमचे स्क्रू निळे, सोनेरी किंवा जांभळे दिसतात, तो रंग म्हणजे रंगकाम नव्हे. विजेच्या साहाय्यानं ऑक्साईडचा पापुद्रा थोडा जाड केला की प्रकाश त्यातून वेगवेगळ्या रंगांत दिसतो. रंगावरून सर्जनला स्क्रूचं माप चटकन ओळखता येतं. निळा स्क्रू सोनेरी स्क्रूपेक्षा भारी असतो, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

हाड धातूला धरतं तेव्हा

१९५२ साली स्वीडनमधले संशोधक पेर-इंगवार ब्रोनमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची छोटी डबी बसवून रक्तप्रवाह पाहत होते. काम झाल्यावर डबी काढायला गेले तर ती निघेना. हाड तिला धरून बसलं होतं. त्यांनी तोच धागा पकडला आणि १९६५ मध्ये पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटेनियमचे खुंट बसवून त्यांवर दात लावले. हाड आणि धातू यांची ही पकड सांधा बदलताना फार महत्त्वाची ठरते.

बदललेला खुबा हाडात घट्ट बसवायच्या दोन रीती आहेत. एक, हाडाच्या सिमेंटनं चिकटवणं. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून ही रीत रुळवली. दुसरी, सिमेंट न घालता धातूवर असा थर द्यायचा की हाडच त्यात वाढून धातूला धरेल. यासाठी दोन प्रकारचे थर वापरतात. पहिल्यात टायटेनियमची बारीक भुकटी चिकटवून पृष्ठभाग खडबडीत, छिद्रांचा करतात. साधारण शंभर ते चारशे मायक्रॉनच्या छिद्रांत हाडाच्या पेशी शिरतात आणि तिथे हाड तयार करतात. दुसऱ्यात हायड्रॉक्सीअॅपेटाईट नावाचं कॅल्शियम-फॉस्फेट धातूवर फवारतात. आपल्या हाडातलं खनिजही याच जातीचं असतं. दहा हजार अंशांपेक्षा तापलेल्या प्लाझ्माच्या झोतातून ही भुकटी धातूवर मारतात आणि पन्नास ते दीडशे मायक्रॉनचा थर देतात. लंडनचे सर्जन रोनाल्ड फरलाँग यांनी १९८५ मध्ये असा लेप दिलेला पहिला खुबा माणसात बसवला. लेप सोलून निघेल, विरघळून जाईल, अशी शंका त्या काळी घेतली गेली. तो वर्षांगणिक थोडा विरघळतोही, पण तोवर हाडानं धातूला पकडलेलं असतं. त्या लेपाचं काम तेवढंच असतं.

आता दवाखान्यात विचारायचा मुद्दा. वय जास्त, हाड ठिसूळ आणि खुब्याची मान तुटलेली, अशा आजीला लेपाचा महागडा दांडा लागतोच असं नाही. इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. साठीपुढच्या अशा पेशंटांत सिमेंटनं बसवलेला अर्धा खुबा बरा ठरला. त्यांचं जगणं थोडं सुकर झालं आणि दांड्याभोवतीचं हाड फुटण्याचं प्रमाण कमी राहिलं. म्हणून आजीच्या बाबतीत डॉक्टर "सिमेंटवालं टाकू" म्हणाले, तर ते स्वस्तातलं काम समजून चिडू नका. उलट तीस वर्षांच्या तरुणाच्या खुब्याला, जिथे तो सांधा पुष्कळ वर्षं चालायचा आहे, तिथे हाडात वाढणारा लेप हवा की नको हे आवर्जून विचारा.

सिकल असेल तर हे आधी वाचा

आपल्याकडे तरुण वयात खुबा बदलावा लागण्याचं एक मोठं कारण सिकल आहे. आपल्या भागातल्या गोंड, माडिया आणि इतर अनेक समाजांत सिकल सेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच बारीक असतात. त्या बुजल्या की गोळ्याचं हाड मरतं, खचतं आणि माणूस लंगडू लागतो.

सुरुवातीला दुखणं जांघेत असतं. पुष्कळदा ते गुडघ्यात जाणवतं आणि लोक गुडघ्यालाच मलम चोळत राहतात. या टप्प्यावर साधा एक्स-रे निर्दोष दिसू शकतो; एमआरआयमध्ये खरं कळतं. म्हणून सिकलच्या मुलाला किंवा मुलीला जांघेत, मांडीत किंवा गुडघ्यात दुखणं आठवड्यांमागून आठवडे राहिलं, मांडी घालून बसता येईना, तर हाडाच्या डॉक्टरकडे न्या. गोळा खचण्याआधी सापडला तर हाडाला छिद्र पाडून दाब कमी करण्यासारखे उपाय करता येतात. खचल्यावर मात्र सांधा बदलण्यावाचून फारसं काही उरत नाही.

सिकलमध्ये खुबा बदलणं इतरांपेक्षा अवघड असतं. हाडाची पोकळी काही ठिकाणी दगडासारखी कठीण झालेली असते आणि जंतुसंसर्गाचा धोका जास्त असतो. जुन्या सिमेंटच्या खुब्यांत सिकलचे सांधे लवकर ढिले होताना दिसले, म्हणून आज बरेच सर्जन अशा तरुणांत लेपाचा, बिनसिमेंटचा दांडा पसंत करतात. हे काम ज्या दवाखान्यात सिकलचे पेशंट नेहमी येतात तिथेच करून घ्या. ऑपरेशनच्या आधी रक्त चढवायचं का, शरीरात पाणी कमी पडू न देणं, थंडी न लागू देणं, ऑक्सिजन खाली न जाऊ देणं, हे सगळं भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीपासून ठरवावं लागतं. म्हणून सिकलचं कार्ड पिशवीत ठेवू नका, पहिल्याच भेटीत टेबलावर ठेवा. ज्याची तपासणीच झालेली नाही त्यानं कुठल्याही मोठ्या ऑपरेशनाआधी ती करून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं तिचं उद्दिष्ट आहे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

गोळा मरण्याचं आणखी एक कारण आपण स्वतः ओढवून घेतो. अंगदुखीवर "चटकन गुण येणाऱ्या" गोळ्या आणि इंजेक्शनं देणारे बोगस डॉक्टर गावोगाव फिरतात. त्या औषधांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. ते महिनोन्‌महिने घेतलं तर खुब्याचा गोळा मरू शकतो. दारूनंही तेच होतं. औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून देत नसेल त्याच्याकडून ते घेऊ नका.

जंतूंशी शर्यत

अमेरिकन सर्जन अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये एक गोष्ट मांडली, ती आजही प्रत्येक हाडाचा डॉक्टर शिकतो. धातू शरीरात गेला की त्याच्या पृष्ठभागावर जागा पकडण्यासाठी शरीराच्या पेशी आणि जंतू यांच्यात शर्यत लागते. पेशी आधी पोचल्या तर हाड धातूला धरतं. जंतू आधी पोचले तर ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. त्या थराआडच्या जंतूंना मारायला एरवीच्या शेकडो पट औषध लागतं. मग गोळ्या-इंजेक्शनांनी पू थांबतो आणि पुन्हा येतो, थांबतो आणि पुन्हा येतो. शेवटी धातू काढावाच लागतो.

या शर्यतीत शरीराच्या बाजूनं उतरणारे लेपही निघाले आहेत. हाडाच्या कर्करोगात मोठा तुकडा काढून बसवलेल्या धातूवर चांदीचा थर देतात, कारण चांदी जंतूंना मारते. काही रॉडांवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचा थर असतो. पण आपल्या भागातल्या पेशंटला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा लेप कारखान्यात बनतच नाही, तो ऑपरेशन थिएटरात बनतो. जंतू शिरलेल्या, पू वाहणाऱ्या नळीच्या हाडात सर्जन व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन हाडाच्या सिमेंटात मिसळतात, नळीच्या साच्यात एका बारीक सळईभोवती ते ओततात आणि तो रॉड हाडात घालतात. आतून आठवड्यांमागून आठवडे औषध झिरपतं. जंतू आटोक्यात आले की तो काढून पक्का रॉड टाकतात. असं दोन टप्प्यांचं काम सुचवलं, तर डॉक्टर पैशासाठी दोनदा कापतो आहे असं समजून अर्ध्यावर सोडून जाऊ नका. पहिला टप्पा करून दुसऱ्याला न जाणारे पेशंट पुढे वर्षानुवर्षं जखम बांधत बसतात.

शर्यत सुरू होते ती मात्र अपघाताच्या जागीच. हाड कातडीबाहेर आलं असेल तर माती, शेण, हळद, झाडपाल्याचा लेप, काहीही लावू नका. स्वच्छ धुतलेल्या कापडानं झाका, बांबूच्या चिपा दोन्ही बाजूंनी लावून पाय हलणार नाही असा बांधा आणि १०८ ला फोन करा. ओढून सरळ करायचा, मालीश करायचा प्रयत्न नको. दवाखान्यात प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल तितकं चांगलं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. म्हणून आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात इंजेक्शन, सलाईन आणि पट्टी घ्या, मग पुढे जा. घाणेरड्या जखमेत डॉक्टर आधी बाहेरची फ्रेम लावतात, हाडात रोवलेल्या सळया आणि बाहेर दांडा. त्या सळयांवरही हायड्रॉक्सीअॅपेटाईटचा लेप मिळतो. त्या लवकर ढिल्या होत नाहीत. फ्रेम बरेच महिने ठेवायची असेल तर त्याबद्दल विचारायला हरकत नाही.

ठरवून करायच्या ऑपरेशनात, म्हणजे खुबा-गुडघा बदलताना, घरची तयारी फार मोलाची असते. किडलेला दात, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, खरूज, गळू, लघवीची जळजळ, यांतलं काही असेल तर आधी बरं करून घ्या, लपवू नका. हत्तीपायाची सूज असलेल्या पायावर गुडघा बदलायचा असेल तर सर्जनला ते आधी दाखवा. साखर आटोक्यात आणा. त्या सांध्यात गेल्या तीन महिन्यांत स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं असेल तर सांगा. त्यानं जंतूंचा धोका वाढतो.

आणि खर्रा. खर्ऱ्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. हाड जुळायला उशीर होतो, जखम भरायला वेळ लागतो. लाखभराचा लेप बसवून घ्यायचा आणि त्यावर हाड वाढू नये अशी व्यवस्था रोज तोंडात धरायची, हे परवडणारं नाही. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी तो बंद करा आणि हाड पक्कं होईपर्यंत बंदच ठेवा. गडचिरोलीत मुक्तिपथचे लोक व्यसन सोडायला मदत करतात, त्यांना विचारा.

हाडाला वेळ द्या

लेपात हाड वाढायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात धातू आणि हाड यांच्यात हालचाल किती होते, यावर पुढचं बरंचसं ठरतं. ती हालचाल दीडशे मायक्रॉनच्या वर, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढी झाली, तर तिथे हाडाऐवजी मऊ ऊतक वाढतं आणि सांधा कायमचा ढिला राहू शकतो. आत एवढ्या बारीक हिशेबाचं काम चाललेलं असताना चौथ्या आठवड्यात रोवणीला बांधीत उतरणं किंवा लाकडाची मोळी डोक्यावर घेणं म्हणजे ऑपरेशन वाया घालवणं. वॉकर किती दिवस, किती वजन टाकायचं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं घरात भिंतीवर लिहून ठेवा. काहींना पहिल्या दिवसापासून पूर्ण वजन टाकायला सांगतात, काहींना नाही. शेजाऱ्याच्या ऑपरेशनाचा नियम आपल्याला लावू नका. शक्य असेल तर ऑपरेशनची तारीखच मोह, तेंदू आणि रोवणीचे दिवस टाळून घ्या. खुबा बदलल्यावर उकिडवं बसण्यानं सांधा निखळू शकतो, म्हणून उंच आसनाचा संडास आणि खुर्ची यांची सोय आधी करा. पत्र्याच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून केलेली सोयही चालते.

सोनेरी गुडघा आणि शेत

गुडघा बदलताना "सोनेरी गुडघा" हा शब्द कानावर येईल. तो रंग टायटेनियम नायट्राईड या फार टणक थराचा. ज्याला निकेलची अॅलर्जी आहे त्याच्या बाबतीत सर्जन असा पर्याय सुचवतात. दुसरा भारी पर्याय ऑक्सिडाईज्ड झिर्कोनियमचा. धातू तापवून त्याच्या पृष्ठभागावर साधारण पाच मायक्रॉनचा चिनीमातीसारखा काळा थर तयार करतात. दोन्ही चांगल्या वस्तू आहेत. पण नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्यापेक्षा त्या सगळ्यांतच जास्त वर्षं टिकतात, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. नेहमीचा गुडघा नीट बसवला तर बहुतेकांचा पंधरा-वीस वर्षं चालतो. केवळ रंगासाठी शेत गहाण टाकू नका.

किमतीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं, म्हणजे एनपीपीएनं, गुडघ्याच्या इम्प्लांटांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि टायटेनियम किंवा ऑक्सिडाईज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याला ७६,६०० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. पुढे हे आकडे थोडेफार बदलले. आजची मर्यादा विचारून घ्या. बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं मूळ रूप २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झालं, त्यांत गडचिरोली होतं. आज योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तीन गोष्टी विचारा: हे ऑपरेशन योजनेत बसतं का, कुठल्या रुग्णालयात बसतं आणि इम्प्लांट त्याच रकमेत आहे का. योजनेत बसलेल्या ऑपरेशनासाठी कोणी वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर फोन करा. मणक्याच्या दुखण्यासाठी मुंबईला धावण्याआधी चातगावजवळच्या शोधग्रामात 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात चौकशी करा. मुंबईचे मणक्याचे सर्जन तिथे येऊन शस्त्रक्रिया करत आले आहेत.

तो स्टिकर जपा

२००० च्या डिसेंबरात सुल्झर कंपनीनं खुब्याच्या हजारो वाट्या बाजारातून परत मागवल्या. धातू चांगला होता, आकार चांगला होता. कारखान्यातलं वंगणाचं तेल पृष्ठभागावर उरलं होतं, आणि तेवढ्यानं हाड त्या वाट्यांना धरत नव्हतं. २०१० च्या ऑगस्टमध्ये डेप्यू कंपनीचा 'एएसआर' खुबा जगभर परत मागवला गेला. त्यात धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात आणि आजूबाजूच्या मांसात उतरत होते. भारतात हा खुबा सुमारे ४,७०० पेशंटांत बसवला गेला होता. केंद्र सरकारच्या समितीनं प्रत्येकाला निदान वीस लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण त्यांतल्या बहुतेकांचा पत्ताच लागला नाही. कोणाच्या शरीरात कोणता खुबा आहे याचा कागद ना पेशंटकडे होता, ना हाताशी येईल अशा नोंदीत.

प्रत्येक इम्प्लांटच्या डब्यात स्टिकर असतात. त्यावर कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, लॉट नंबर, धातू आणि थर लिहिलेला असतो. एक दवाखान्याच्या फायलीत लागतो. दुसरा तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लावून मागा. नाही दिला तर पुन्हा मागा. त्याचा फोटो घरातल्या दोन फोनांत ठेवा. पुढे कधी एमआरआय काढायचा झाला, रॉड काढायचा झाला किंवा दुसऱ्या गावच्या डॉक्टरला सांधा पुन्हा उघडावा लागला, तर याच कागदावर काम चालतं. इम्प्लांट मोडलं, ढिलं झालं किंवा त्यामुळे त्रास झाला असं वाटलं तर १८००-१८०-३०२४ या फुकट क्रमांकावर कळवता येतं. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी गोळा करण्याचं काम देशात जुलै २०१५ पासून सुरू आहे.

घरी गेल्यावर

जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, ताप, रात्री ठणकणं किंवा आधी बरं झालेलं दुखणं पुन्हा सुरू होणं, यांतलं काहीही दिसलं तर गावात इंजेक्शन घेऊन दाबू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना दाखवा. पहिल्या काही आठवड्यांत जंतू सापडले तर धुऊन धातू वाचवता येतो. उशीर झाला की जंतूंचा चिकट थर पक्का होतो आणि धातू काढावा लागतो. बदललेल्या सांध्याला पुढेही दात, लघवी किंवा पायाच्या जखमेतून जंतू पोचू शकतात, म्हणून असं दुखणं अंगावर काढू नका. हाड जुळलेला रॉड मात्र त्रास नसेल तर काढलाच पाहिजे असं नाही; मुलांमध्ये तो बहुधा काढतात.

आशाताई, शिक्षक, पोलीस पाटील आणि बचतगटाच्या बायांना माझी विनंती आहे. तुमच्या गावात ज्यांच्या शरीरात धातू आहे त्यांची एक वही करा: नाव, कुठला सांधा किंवा हाड, कधी, कुठे आणि स्टिकर आहे की नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे लेखी अर्ज करून नोंद मागावी; अर्ज गावातल्या शाळेतल्या मास्तरांनी लिहून द्यावा. सिकलचं कार्ड असलेल्या तरुणांना खुबा दुखतो का, हे एकदा विचारा. आणि पुढच्या ग्रामसभेत हे पाच प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे ऑपरेशनच्या दारात उभ्या राहणाऱ्या घराला ते तोंडपाठ असतील:

हे ऑपरेशन योजनेत बसतं का? धातू कोणता आणि त्यावर थर कोणता? माझ्या वयाला आणि माझ्या हाडाला तो थर खरंच लागतो का, आणि का? वजन कधी टाकायचं? स्टिकर कुठे आहे?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर मिळालं की लिहून घ्या, खालच्या बाजूला तारीख टाका आणि मगच सहीचा कागद हातात घ्या.